पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतातले कृष्णवर्णीय संगीतकार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत आवडीने ऐकणारे, मुलांना पियानो-व्हायोलिनच्या क्लासला घालणारे, किंवा नुसतंच कुतूहल असलेले अशा मराठी मंडळींकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं सारख्या लांबीची नाहीत. काही ठिकाणी पाल्हाळ आहे, काही ठिकाणी एका ओळीत विषय संपवला आहे.

असे संगीतकार खरंच होते का? आम्ही तर बाख, मोझार्ट, बीथोव्हेन एवढीच नावं ऐकली.

होते, आणि बाखच्याही आधीपासून होते. व्हिसेंते लुसितानो हा पोर्तुगीज संगीतकार १५५१ साली रोममध्ये एका जाहीर वादात उतरला होता. विषय होता संगीतशास्त्राचा, समोर निकोला व्हिसेंतिनो हा नामांकित पंडित, आणि पंचांनी निकाल दिला तो लुसितानोच्या बाजूने. पुढच्या शतकातल्या एका नोंदीत त्याचा उल्लेख मिश्रवर्णीय असा आहे.

मग नावं कानावर का आली नाहीत? या संगीतात रचना कागदावर जगते. गुरूने समोर बसवून गळ्यात उतरवली, अशी सोय नाही. स्वरलिपी छापली गेली, प्रत्येक वाद्याच्या वेगळ्या प्रती निघाल्या, कुणीतरी पैसे घालून तालमी केल्या, तरच ती ऐकू येते. आणि एकदा वाजून भागत नाही. नाटकवाल्यांना विचारा : पहिल्या प्रयोगाला पाहुणे येतात, नाटक जगतं ते पुढच्या प्रयोगांवर. या मंडळींना पहिला प्रयोग बऱ्याचदा मिळाला. दुसऱ्याची मारामार होती. पुढच्या उत्तरांत हे रडगाणं वारंवार येईल, त्याला इलाज नाही.

'ब्लॅक मोझार्ट' म्हणतात तो कोण?

जोसेफ बोलोन्य, शेव्हालिए द सँ-जॉर्ज. जन्म १७४५ चा, कॅरिबियन समुद्रातल्या ग्वाडलूप या फ्रेंच बेटावर. वडील मळ्याचे गोरे मालक, आई नॅनॉ गुलाम. वडिलांनी मुलाला लहानपणीच फ्रान्सला आणलं आणि उमरावाच्या मुलाला शोभेल असं शिक्षण दिलं. तो आधी गाजला तलवारबाज म्हणून. व्हायोलिनवर त्याचा हात किती चालायचा ते त्याचे कॉन्चेर्टो (एक मुख्य वाद्य आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीच्या रचना) ऐकलेत की कळतं. डावा हात पट्टीवर भलताच वर जातो आणि तिथेच बराच वेळ मुक्काम करतो. आजही ते पान समोर आलं की चांगले वादक आधी घरी सराव करून येतात.

१७७३ मध्ये तो पॅरिसच्या एका अव्वल ऑर्केस्ट्राचा प्रमुख झाला. १७७६ मध्ये पॅरिसच्या ऑपेराच्या प्रमुखपदासाठी त्याचं नाव पुढे आलं, तेव्हा तिथल्या आघाडीच्या गायिका-नर्तकींनी राणी मारी आंत्वानेतकडे अर्ज केला : मिश्रवर्णीयाच्या हाताखाली काम करणं आमच्या प्रतिष्ठेला धरून नाही. नेमणूक बारगळली. पुढे हायडनच्या सहा 'पॅरिस' सिंफनी (क्रमांक ८२ ते ८७) ज्या ऑर्केस्ट्राने मागवून घेतल्या, तिचं नेतृत्व त्याच्याकडेच होतं. म्हणजे ज्याला ऑपेराचं दार बंद केलं, त्याच्याच हाताखाली युरोपातल्या सर्वांत नावाजलेल्या संगीतकाराच्या नव्या रचना पॅरिसने पहिल्यांदा ऐकल्या.

राज्यक्रांतीत त्याने एका पलटणीचं नेतृत्व केलं. या पलटणीत बरेच कृष्णवर्णीय सैनिक होते आणि कादंबरीकार अलेक्सांद्र द्यूमाचे वडील त्यात अधिकारी होते. १७९३ मध्ये त्यालाच तुरुंगात टाकण्यात आलं. तो सुटला खरा, पण १७९९ मध्ये वारला. तीन वर्षांत नेपोलियनने फ्रेंच वसाहतींत गुलामगिरी पुन्हा चालू केली. अशा दिवसांत त्याच्या रचना कोण वाजवणार?

टोपणनावाबद्दल एक कुरकुर. सँ-जॉर्ज मोझार्टपेक्षा दहा वर्षांनी मोठा. १७७८ मध्ये बावीस वर्षांचा मोझार्ट नोकरीच्या शोधात पॅरिसला आला, तेव्हा हा पाच वर्षं ऑर्केस्ट्रा चालवत होता. वडीलधाऱ्याला धाकट्याच्या नावाने का ओळखायचं?

'शेव्हालिए' या सिनेमात सँ-जॉर्जची आणि मोझार्टची भर मैफलीत जुगलबंदी दाखवली आहे. ती खरी का?

नाही. तशी नोंद कुठे नाही. दोघं एकाच काळात पॅरिसमध्ये होते, एवढंच खरं. लंडनमध्ये १७८७ साली युवराजासमोर त्याने शेव्हालिए देऑंशी तलवारीचा सामना केला होता, तो मात्र खरा आहे.

बीथोव्हेन स्वतःच कृष्णवर्णीय होता, असं व्हॉट्सॲपवर फिरतं.

फिरू द्या. त्याचं घराणं आजच्या बेल्जियममधल्या फ्लेमिश भागातलं. समकालीनांनी त्याचा रंग सावळा असल्याचं लिहिलं, त्यावरून ही गोष्ट निघाली आणि विसाव्या शतकात वाढत गेली. बीथोव्हेनच्या आयुष्यातली कृष्णवर्णीय संगीतकाराची खरी गोष्ट वेगळीच आहे आणि ती या अफवेपेक्षा कितीतरी रंगतदार आहे. ती पुढच्या उत्तरात.

बीथोव्हेनचा 'क्रॉइट्झर सोनाटा' (व्हायोलिन-पियानोसाठीची रचना) मुळात क्रॉइट्झरसाठी नव्हताच म्हणे?

नव्हता. तो जॉर्ज ब्रिजटावर या व्हायोलिनवादकासाठी होता. ब्रिजटावरचा जन्म १७७८ चा, आजच्या पोलंडमधला. वडील वेस्ट इंडीजकडचे, आई युरोपीय. लहानपणापासून मैफली करत तो इंग्लंडच्या युवराजाच्या पदरी राहिला आणि १८०३ मध्ये व्हिएन्नाला गेला. तिथे बीथोव्हेनशी गट्टी जमली आणि दोघांनी मिळून कार्यक्रम ठरवला.

२४ मे १८०३, आउगार्टेन बागेतलं सभागृह, वेळ सकाळी आठची. सोनाटा पूर्ण तयार नव्हता. बीथोव्हेनचा शिष्य फर्डिनांड रीस याने लिहून ठेवलंय की त्याला पहाटे साडेचारला उठवून पहिल्या भागातला व्हायोलिनचा मजकूर उतरवून काढायला लावलं. दुसऱ्या भागाला तेवढाही वेळ उरला नाही; ब्रिजटावरने तो बीथोव्हेनच्या हस्तलिखितात बघूनच वाजवला. ज्यांनी बीथोव्हेनचं अक्षर पाहिलंय त्यांना यातली हिंमत कळेल. तिसरा भाग तेवढा हाताशी होता, कारण तो आधीच्या एका सोनाटासाठी लिहून बाजूला ठेवलेला होता.

पहिल्या भागात पियानोला एके ठिकाणी थांबून एक छोटी झेप घ्यायची असते. ब्रिजटावरने तीच झेप व्हायोलिनवर आयत्या वेळी घेतली. कागदावर ती नव्हती. त्याच्या आठवणीप्रमाणे बीथोव्हेन जागेवरून उठला, त्याला मिठी मारली आणि म्हणाला, पुन्हा एकदा, दोस्ता! आपल्याकडे हे कुणाला नवं वाटणार नाही. साथीदाराने जागा घेतली की मुख्य कलाकार मान डोलावतोच.

बीथोव्हेनने त्याला स्वतःचा स्वरकाटा (ट्यूनिंग फोर्क) भेट दिला. तो आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. हस्तलिखितावर त्याने ब्रिजटावरच्या वर्णावरून एक थट्टेचं अर्पणही लिहिलं. मग दोघांचं भांडण झालं, ब्रिजटावरच्या म्हणण्याप्रमाणे एका मुलीवरून. १८०५ मध्ये सोनाटा छापला गेला तो रोडोल्फ क्रॉइट्झर या पॅरिसच्या व्हायोलिनवादकाला अर्पण करून. क्रॉइट्झरने तो जाहीर मैफलीत कधी वाजवला नाही. त्याला तो अगम्य वाटला, असं बर्लिओझ या फ्रेंच संगीतकाराने लिहून ठेवलंय. ज्याने वाजवला त्याचं नाव गेलं, ज्याने हात लावला नाही त्याचं राहिलं. ब्रिजटावर १८६० मध्ये लंडनमध्ये वारला.

सोनाटाची सुरुवात लक्ष देऊन ऐका. व्हायोलिन एकटंच, संथ, दोन-तीन तारा एकदम छेडत मेजरमध्ये बोलायला लागतं. चार मात्रागटांनंतर पियानो तेच म्हणायला येतो आणि पाहता पाहता मायनरकडे वळतो. हे व्हायोलिनला एकट्याने मैदानात सोडणं विशिष्ट वादक डोळ्यांसमोर ठेवूनच लिहिलं असणार, असं मला ठामपणे वाटतं.

सॅम्युएल कोलरिज-टेलर म्हणजे तो इंग्रजी कवीच ना?

नव्हे. कवी सॅम्युएल टेलर कोलरिज. आईने त्याच्यावरून मुलाचं नाव ठेवलं आणि तेव्हापासून ग्रंथपालांच्या डोक्याला ताप झाला.

मग हा संगीतकार कोण?

१८७५ मध्ये लंडनमध्ये जन्मला, क्रॉयडनला वाढला. वडील सिएरा लिओनहून वैद्यकीय शिकायला आलेले. मुलगा होणार हे कळायच्या आत परत गेले. पंधराव्या वर्षी तो रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये व्हायोलिन शिकायला लागला, पुढे रचनेकडे वळला. १८९८ मध्ये एल्गर या इंग्रज संगीतकाराने एका मोठ्या महोत्सवाचं काम स्वतःला वेळ नाही म्हणून या तेवीस वर्षांच्या पोराकडे वळवलं. त्यातून 'बॅलड इन ए मायनर' आली. त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला 'हायवाथाज वेडिंग फीस्ट' हे समूहगान झालं आणि इंग्लंडभरचे गायकवृंद ते गाऊ लागले.

आता पैशांची गोष्ट. नोव्हेलो या प्रकाशकाला त्याने हे गान सर्व हक्कांसह विकलं, १५ गिनींना. म्हणजे पावणेसोळा पौंड. स्वरलिपीच्या प्रती हजारोंनी खपल्या, त्याच्या हाती त्यानंतर छदामही आला नाही. घर चालवायला तो शिकवण्या करायचा, स्पर्धांना परीक्षक म्हणून जायचा, गावोगावच्या गायकवृंदांच्या तालमी घ्यायचा. १९१२ मध्ये न्यूमोनियाने गेला, वय ३७. बायकोला राजाने वर्षाला १०० पौंडांची पेन्शन दिली. १९१४ मध्ये ब्रिटनमध्ये संगीतकारांचं मानधन गोळा करणारी संस्था स्थापन झाली, तिच्यामागे या प्रकरणाने निर्माण झालेली हळहळ होती असं मानलं जातं. रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये १९२४ ते १९३९ दरम्यान 'हायवाथा'चे भव्य वेशभूषेसह प्रयोग व्हायचे, प्रचंड गर्दीत. दुसरा प्रयोग मिळालेल्या मोजक्या नावांपैकी हा एक, पण गल्ल्यातलं काही त्याला मिळालं नाही.

अमेरिकेत तो तीनदा गेला (१९०४, १९०६, १९१०). वॉशिंग्टनच्या कृष्णवर्णीय गायकांनी त्याच्या नावाची संस्था काढली होती, आणि राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्याला व्हाइट हाऊसमध्ये बोलावून घेतलं.

ड्वोर्झाकच्या 'न्यू वर्ल्ड' सिंफनीत कृष्णवर्णीयांची गाणी आहेत का?

जशीच्या तशी नाहीत. वळण मात्र आहे. १८९२ ते १८९५ हा चेक संगीतकार न्यूयॉर्कच्या नॅशनल कॉन्झर्व्हेटरीचा संचालक होता. तिथे कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश होता आणि हॅरी बर्ले हा त्यांपैकी एक. बर्लेचे आजोबा गुलाम होते. त्यांच्याकडून ऐकलेली स्पिरिच्युअल्स तो ड्वोर्झाकच्या घरी गाऊन दाखवायचा. अमेरिकेच्या संगीताचं भवितव्य या गाण्यांवर उभं राहील, असं ड्वोर्झाकने १८९३ मध्ये वर्तमानपत्रात जाहीरपणे सांगितलं तेव्हा बऱ्याच जणांच्या भुवया उंचावल्या. सिंफनी त्याच वर्षी १६ डिसेंबरला कार्नेगी हॉलमध्ये झाली. तिच्यातल्या संथ भागाची 'गोइंग होम' ही चाल जुनं स्पिरिच्युअल समजून गायली जाते. प्रत्यक्षात चाल ड्वोर्झाकची, शब्द १९२२ मध्ये त्याच्या एका शिष्याने घातलेले.

ही स्पिरिच्युअल्स म्हणजे नक्की काय? आणि ती शास्त्रीयमध्ये कशी आली?

गुलामगिरीतल्या माणसांची सामूहिक भक्तिगीतं. नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठाचे विद्यार्थी १८७१ पासून ती मंचावर गायला लागले, कॉलेजसाठी पैसे जमवायला. बर्लेने पुढे त्यांना पियानोची साथ लिहून एकट्या गायकासाठी बांधून दिलं, तशी ती शूबर्टच्या गीतांशेजारी मैफलीत जाऊन बसली.

फ्लॉरेन्स प्राइस या अमेरिकन संगीतकार बाईबद्दल इतक्यात एवढं का बोललं जातंय?

कारण तिचं बरंचसं काम २००९ मध्ये सापडलं.

जन्म १८८७, आर्कान्सामधलं लिटल रॉक. वडील दंतवैद्य, आई संगीत शिकवायची. बॉस्टनच्या न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरीत नाव घालताना आईने मूळ गाव म्हणून मेक्सिकोतलं पुएब्ला लिहायला लावलं, मुलीला त्रास कमी होईल म्हणून. १९०६ मध्ये ती ऑर्गन आणि पियानो-अध्यापन अशा दोन पदविका घेऊन बाहेर पडली. लिटल रॉकमध्ये १९२७ साली जमावाने एका कृष्णवर्णीय माणसाची हत्या केली, वातावरण बिघडलं, आणि कुटुंब शिकागोला गेलं. तिथे नवऱ्याशी काडीमोड, दोन मुली, मूकपटांना ऑर्गनची साथ करून पोट भरणं. १९३१ च्या जानेवारीत तिचा पाय मोडला. एका पत्रात ती म्हणते की त्यामुळे निवांत लिहायला काही दिवस मिळाले, असं भाग्य पुन्हा कधी लाभणार! लिहिणाऱ्या कुठल्याही बाईला यातला विनोद समजावून सांगावा लागणार नाही.

१९३२ मध्ये तिच्या ई मायनर सिंफनीला वानामेकर स्पर्धेत पहिलं पारितोषिक मिळालं. १५ जून १९३३ रोजी फ्रेडरिक स्टॉकच्या नेतृत्वाखाली शिकागो सिंफनी ऑर्केस्ट्राने ती वाजवली. अमेरिकेतल्या मोठ्या ऑर्केस्ट्राने कृष्णवर्णीय स्त्रीची सिंफनी वाजवण्याची ही पहिलीच वेळ. त्याच संध्याकाळी तिची शिष्या मार्गरेट बाँड्स त्याच मंचावर पियानो वाजवून गेली.

सिंफनीत ऐकण्यासारखं पुष्कळ आहे, पण दोन जागा सांगते. दुसऱ्या भागात पितळी वाद्यं एकत्र येऊन चर्चमधल्या प्रार्थनेसारखं गातात आणि मध्ये घंटा वाजतात. तिसऱ्या भागाचं नाव 'जूबा डान्स'. मळ्यांवर गुलामांकडून ढोल काढून घेतलेले असत, म्हणून ते मांडीवर, छातीवर थाप मारून, टाळ्या-पावलांनी ताल धरायचे. सिंफनीत या जागी एरवी स्केर्झो (जलद, खेळकर भाग) यायचा. हिने तिथे हा ताल आणून बसवला, वर एक सरकती शिट्टीही ठेवली. ऐकताना पाय हलला नाही तर आवाज कमी ठेवलाय असं समजा.

पुढे? १९४३ मध्ये तिने बॉस्टन सिंफनीच्या सर्गेई कुसेवित्स्की या संचालकाला पत्र लिहिलं. सुरुवातच अशी की मला दोन अडचणी आहेत, एक स्त्री असण्याची आणि दुसरी वंशाची. माझं संगीत गुणावर तपासा, एवढंच तिचं मागणं. त्याने तिची एकही रचना वाजवली नाही. १९५३ मध्ये ती वारली.

२००९ मध्ये इलिनॉयमधल्या सेंट ॲन गावात एका जोडप्याने दुरुस्तीसाठी एक पडीक घर घेतलं. झाड पडून छताला भोक पडलेलं, आतल्या सामानाची नासधूस झालेली. कोरड्या राहिलेल्या एका कोपऱ्यात कागदांचे ढीग होते आणि त्यांवर एकच नाव. ते घर प्राइसचं उन्हाळी घर होतं. त्या ढिगांत दोन व्हायोलिन कॉन्चेर्टो आणि चौथी सिंफनी निघाली. ती सिंफनी २०१८ मध्ये आर्कान्सातल्या फोर्ट स्मिथला पहिल्यांदा वाजली. तिच्या पहिल्या आणि तिसऱ्या सिंफनीच्या फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राने केलेल्या ध्वनिमुद्रणाला २०२२ मध्ये ग्रॅमी मिळालं. छताचं भोक हातभर इकडे असतं, तर यातलं बरंच काही उरलं नसतं.

असं कागद हरवणं बाकीच्यांच्या बाबतीतही झालं का?

झालं. ज्युलियस ईस्टमन या अमेरिकन संगीतकाराला १९८० च्या दशकात न्यूयॉर्कमधल्या घरातून बाहेर काढलं, त्यात त्याच्या स्वरलिप्या गेल्या. १९९० मध्ये तो वारला तेव्हा मृत्युलेख यायलाही काही महिने लागले. आज त्याच्या रचना वाजतात त्या बऱ्याचशा जुन्या ध्वनिफिती ऐकून पुन्हा लिहून काढलेल्या.

जॅझवाले यात धरायचे का?

जॅझ हा स्वतंत्र आणि मोठा विषय आहे, त्याला इथे कोंबू नये. पण सीमारेषेवरच्या दोघांचा उल्लेख हवा. रॅगटाइम या जॅझच्या आधीच्या पियानोशैलीचा राजा स्कॉट जोप्लिन याने 'ट्रीमोनिशा' हा ऑपेरा १९११ मध्ये पदरमोड करून छापला. १९१७ मध्ये तो वारला. ऑपेरा पूर्ण स्वरूपात रंगमंचावर आला १९७२ मध्ये, अटलांटात. दुसरी निना सिमोन. तिला व्हायचं होतं मैफलीत बाख वाजवणारी पियानोवादक. १९५१ मध्ये फिलाडेल्फियाच्या कर्टिस इन्स्टिट्यूटने प्रवेश नाकारला. तो वर्णामुळेच, असं तिचं आयुष्यभर म्हणणं होतं. २००३ मध्ये त्याच संस्थेने तिला मानद पदवी दिली, तिच्या मृत्यूच्या एक-दोन दिवस आधी.

उलट विल्यम ग्रँट स्टिल या संगीतकाराने ब्लूज हे कृष्णवर्णीयांचं लोकसंगीतच सिंफनीत आणलं. त्याच्या 'आफ्रो-अमेरिकन सिंफनी'चा (१९३०) मुख्य विषय बारा मात्रागटांचा ब्लूज आहे, आणि तिसऱ्या भागात चक्क बँजो आहे.

गायकांपैकी कुणाला आधी ऐकावं?

मॅरियन अँडरसन. खालच्या पट्टीतला आवाज, ज्याला काँट्राल्टो म्हणतात. १९३९ मध्ये वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलने तिला मैफल नाकारली, कारण तिथे करारातच फक्त गोऱ्या कलाकारांची अट होती. तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांची पत्नी एलिनॉर रूझवेल्ट हिने हॉलच्या मालक संस्थेच्या सदस्यत्वाचा राजीनामा दिला. ९ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, ती लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर उघड्यावर गायली. समोर ७५,००० माणसं. चित्रफीत उपलब्ध आहे, पाहा. थंडीमुळे अंगावर जाड कोट, डोळे मिटलेले. पहिलं गाणं देशभक्तीचं, आणि मूळ शब्दांत जिथे 'मी गातो' आहे तिथे ती 'आम्ही' म्हणते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेराने तिला बोलावलं १९५५ मध्ये, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी. मिळालं तेव्हा आवाजाचा बहर ओसरला होता.

त्यानंतर लिओन्टाइन प्राइस. (फ्लॉरेन्सची नातेवाईक नव्हे.) वेर्दीची 'आयडा' तिच्या आवाजात ऐका, बाकी काही सांगायची गरज नाही.

आज ऑर्केस्ट्रांमध्ये कृष्णवर्णीय वादक किती आहेत?

फार कमी. अमेरिकन ऑर्केस्ट्रांच्या राष्ट्रीय संघटनेच्या पाहणीत २०१४ चा आकडा १.८ टक्के होता, आणि अमेरिकेच्या लोकसंख्येत हे प्रमाण साधारण १३ टक्के. १८४२ मध्ये स्थापन झालेल्या न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमध्ये पहिला कृष्णवर्णीय कायम सदस्य १९६२ मध्ये आला, व्हायोलिनवादक सँडफर्ड ॲलन. १९६९ मध्ये दोन वादकांनी भेदभावाची तक्रार केली. शहराच्या मानवाधिकार आयोगाने त्या दोघांच्या निवडीबाबत निकाल ऑर्केस्ट्राच्या बाजूने दिला, पण बदली वादक घेताना भेदभाव होतो हे मान्य केलं. ॲलनने १९७७ मध्ये नोकरी सोडली. पुढच्याच वर्षी आपले मुंबईचे झुबिन मेहता तिथे संगीत दिग्दर्शक झाले. २०१४ मध्ये क्लॅरिनेटवादक अँथनी मॅकगिल या ऑर्केस्ट्राचा पहिला कृष्णवर्णीय प्रमुख वादक झाला.

वादक निवडताना त्याला पडद्याआड बसवून परीक्षा घेतात ना? मग भेदभाव कसा?

पडद्याने शेवटच्या दहा मिनिटांतला भेदभाव जातो. त्याआधीची पंधरा वर्षं तशीच राहतात : चांगलं वाद्य, महागडे गुरू, उन्हाळी शिबिरं, विमानाने परीक्षेला जाण्याचा खर्च. मुंबईत चेलो शिकणाऱ्या पोराच्या पालकांना हा हिशेब तोंडपाठ असतो. म्हणून अमेरिकेत स्फिंक्स ही संस्था लहान वयापासून शिष्यवृत्त्या आणि स्पर्धा चालवते, आणि ब्रिटनमध्ये डबलबेसवादक ची-ची न्वानोकू यांनी २०१५ मध्ये 'चिनेके!' हा ऑर्केस्ट्रा उभा केला. चेलोवादक शेकू कॅने-मेसन त्यातलाच. २०१६ मध्ये बीबीसीची युवा स्पर्धा जिंकला आणि २०१८ च्या ब्रिटिश राजघराण्यातल्या लग्नात वाजवल्यावर घरोघरी पोचला.

आणि खुद्द आफ्रिकेत?

नायजेरियाचा फेला सोवांडे याची 'आफ्रिकन सूट' (१९४४) सहज मिळते आणि सहज आवडते. काँगोच्या किन्शासात १९९४ पासून एक सिंफनी ऑर्केस्ट्रा आहे, नोकरी गेलेल्या एका वैमानिकाने सुरू केलेला. सुरुवातीला तारा तुटल्या की सायकलच्या ब्रेकची वायर लावायचे. अशा मंडळींनी बीथोव्हेनची नववी सिंफनी वाजवली आहे.

भारताशी, विशेषतः मुंबई-गोव्याशी याचा काही धागा?

ओढूनताणून जोडायचा नाही म्हटलं तरी दोन-तीन आहेत.

मॅरियन अँडरसन १९५७ च्या आशिया दौऱ्यात भारतात आली होती. दिल्लीत गांधीजींच्या स्मारकापाशी तिने त्यांचं आवडतं 'लीड, काइंडली लाइट' म्हटलं.

मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात १९३० च्या दशकात लिऑन ॲबीचा आफ्रिकन-अमेरिकन वाद्यवृंद आणि पियानोवादक टेडी वेदरफर्ड वाजवत. त्यांच्यासोबत आणि त्यांच्यानंतर तिथे उभे राहिले ते गोव्याचे वादक. ते तयार कुठे झाले? चर्चच्या पॅरिश शाळांत, जिथे पोरांना सोल्फेज (स्वरलिपी वाचून गाणं) आणि व्हायोलिन शिकवलं जायचं.

आणि इथेच तिसरा धागा सापडतो. त्याच पोर्तुगीज साम्राज्याच्या दुसऱ्या टोकाला, रिओ द जानेरोत, जोझे माउरिसियो नुनेस गार्सिया (१७६७–१८३०) हा गुलामांचा नातू पाद्री झाला आणि चर्चसाठी संगीत लिहू लागला. १८०८ मध्ये पोर्तुगालचं राजघराणं पळून ब्राझीलला आलं, तेव्हा दरबारी चॅपेलचं संगीत त्याच्याकडे सोपवलं गेलं. त्याचं १८१६ चं 'रेक्विएम' (मृतांसाठीची प्रार्थना) ऐकण्यासारखं आहे. गोव्यातल्या चर्चमध्ये गायकवृंद चालवणाऱ्या एखाद्या मेस्तने हे कधी बसवलं तर मी पहिल्या बाकावर असेन.

स्पष्ट विचारते : हे कौतुक संगीतासाठी की रंगासाठी?

प्रश्न रास्त आहे. सगळंच थोर नाही. सँ-जॉर्जच्या काही चौकडी (चार तंतुवाद्यांच्या रचना) त्या काळच्या फॅशनच्या पलीकडे जात नाहीत, आणि 'हायवाथा'चे पुढचे भाग पहिल्याइतके उतरलेले नाहीत. पण हा न्याय गोऱ्यांना लावतो का आपण? अठराव्या शतकातल्या डझनभर सामान्य संगीतकारांच्या रचना रेडिओवर रोज वाजतात, त्यांच्याबद्दल कुणी हा प्रश्न विचारत नाही. आणि पारख होणार कशी, तर पुन्हा पुन्हा ऐकून. मेट्रोपोलिटन ऑपेराने कृष्णवर्णीय संगीतकाराचा पहिला ऑपेरा सादर केला २०२१ मध्ये, टेरेन्स ब्लँचर्डचा. संस्था १८८३ पासून चालू आहे. त्यातल्या १३८ वर्षांत रंग कोण बघत होतं?

सुरुवात कुठून करू? वेळ थोडा आहे.

सहा मिनिटं असतील तर जॉर्ज वॉकरची 'लिरिक फॉर स्ट्रिंग्ज'. आजीच्या निधनानंतर १९४६ मध्ये लिहिलेली, फक्त तंतुवाद्यांची. याच वॉकरला १९९६ मध्ये संगीताचा पुलित्झर मिळाला, कृष्णवर्णीय संगीतकाराला पहिल्यांदाच. पाव तास असेल तर कोलरिज-टेलरची 'बॅलड'. रविवारची दुपार मोकळी असेल तर प्राइसची पहिली सिंफनी आणि ड्वोर्झाकची 'न्यू वर्ल्ड' लागोपाठ लावा; दोन्ही ई मायनरमध्ये आहेत आणि एकमेकींशी बोलतात. ऑपेराची सवय नसेल तर त्याच्या वाटेला एवढ्यात जाऊ नका.

मूल पियानो शिकतंय. त्याला वाजवता येईल असं काही?

फ्लॉरेन्स प्राइसने विद्यार्थ्यांसाठी बरेच छोटे पियानोतुकडे लिहिले, शिकवण्यांतूनच ते आले. बाईंना विचारून दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून देता येतात. कोलरिज-टेलरच्या 'ट्वेंटी-फोर नीग्रो मेलडीज' (१९०५) मोठ्या मुलांसाठी. हात मोठा लागतो.

स्वरलिपी कुठे मिळेल?

सँ-जॉर्ज आणि कोलरिज-टेलर यांचे हक्क केव्हाच संपले. जुन्या छापील प्रती इंटरनेटवर मोफत आणि कायदेशीर मिळतात. प्राइसचं तसं नाही. भारतात हक्क मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतात, त्यामुळे तिच्या हयातीत छापलेलं मोकळं आहे, पण मृत्यूनंतर पहिल्यांदा छापलेल्या रचनांची साठ वर्षं छापल्या तारखेपासून मोजतात. सेंट ॲनच्या घरात सापडलेलं बहुतेक सगळं त्यात मोडतं. २०१८ पासून तिच्या कामाचे हक्क जी. शर्मर या प्रकाशकाकडे आहेत. सिंफनी बसवायची असेल तर वाद्यांच्या प्रती त्यांच्याकडून भाड्याने घ्याव्या लागतील. चौकशी तालमीच्या बऱ्याच आधी करा.